परक्या मुलखात पाळक घडवायला निघालेल्यांसाठी

केनिया, टांझानिया किंवा युगांडात पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, शिकवायला जायचं ठरलं की घरी आणि मंडळीत (आपल्या चर्चमध्ये) आधी चर्चा होते ती तिकिटाची, हवेची आणि तिथे खायला काय मिळतं याची. खरं तर सगळ्यांत आधी ठरवायची असते ती परत यायची तारीख. ती यजमान मंडळीच्या वडीलजनांसोबत, म्हणजे तिचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांसोबत, बसून कागदावर लिहा. तारीख पक्की झाली की पुढच्या गोष्टी मार्गी लागतात: कुणाला शिकवायचं, किती शिकवायचं, पैसे कशावर खर्च करायचे आणि कशावर मुळीच करायचे नाहीत. तारीख नसली की बाहेरून आलेला शिक्षकच हळूहळू तिथला पाळक होऊन बसतो आणि ज्याला घडवायचं तो शेजारी खुर्चीवर बसून राहतो.

याचा धडा आपल्या मुंबईतच आहे. फेब्रुवारी १८१३मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी इथे उतरले तेव्हा परका मुलूख आपला होता. हॉल मराठी शिकले, मराठीत बोलू-लिहू लागले आणि १८२६ साली नाशिकच्या बाजूला दौऱ्यावर असताना पटकीने गेले. त्यांचे सहकारी सॅम्युअल न्यूएल त्याआधीच, १८२१ साली, मुंबईत पटकीनेच गेले होते. एवढी किंमत मोजलेल्या त्या अमेरिकन मिशनच्या मराठी मंडळ्यांना हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक हे दीक्षित मराठी पाळक मिळाले ते १८५४ साली, अहमदनगरला. म्हणजे ४१ वर्षांनी. त्याच सुमाराला मिशनचे चिटणीस रुफस अँडरसन बोस्टनहून इकडे आले होते. शिक्षण लोकांच्या भाषेत द्या आणि मंडळी तिथल्याच पाळकाच्या हाती सोपवा, हा त्यांचा आग्रह होता. हॉल-न्यूएल यांच्या त्यागाबद्दल मनात आदर ठेवूनच मी म्हणते, की आपण जाऊ तिथे हा ४१चा आकडा पुन्हा गिरवायचा नाही.

आता कागदपत्रं. केनियाला जाण्याआधी जानेवारी २०२४पासून ऑनलाइन प्रवासमंजुरी घ्यावी लागते, पण ती भेटीपुरती. राहून शिकवायचं असेल तर धार्मिक व सेवाभावी कामासाठी ‘आय’ वर्गाचा परवाना लागतो आणि त्यासाठी अर्ज तिथल्या नोंदणीकृत मंडळीने किंवा संस्थेने करायचा असतो. टांझानियात मिशनरी ‘सी’ वर्गात येतात. पर्यटक म्हणून जाऊन वर्ग घ्यायला बसू नका. पकडले गेलात तर तुम्ही विमानात बसून घरी याल, पण ज्या पाळकाने तुम्हाला घर दिलं त्याच्या मागे चौकशीचा ससेमिरा लागेल.

पिवळ्या तापाची लस जाण्याआधी किमान १० दिवस घ्या, कारण दाखला दहाव्या दिवसानंतरच ग्राह्य धरतात. मुंबईत ती सरकारमान्य केंद्रांतच मिळते, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नाही. एकदा घेतली की दाखला आयुष्यभर चालतो. तो पिवळा कागद पासपोर्टलाच लावून ठेवा. केनिया-युगांडातून परतताना तो नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात काढावे लागतात. मलेरियाबाबत जागेप्रमाणे फरक आहे. नैरोबी सुमारे १,८०० मीटर उंचीवर, म्हणजे महाबळेश्वरहूनही बरंच उंच. तिथे जून ते ऑगस्ट स्वेटर लागतो आणि डास कमी. व्हिक्टोरिया सरोवराकाठी आणि किनाऱ्यावर मात्र मच्छरदाणीशिवाय एक रात्रही नको. ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा. मुंबईत परतल्यावर काही महिन्यांत ताप आला तरी डॉक्टरांना आफ्रिकेचा प्रवास आवर्जून सांगा.

विमानतळाबाहेर पडलात की लोक तुम्हाला मिशनरी म्हणून ओळखणार नाहीत. तुम्ही त्यांच्यासाठी ‘मुहिंदी’, म्हणजे भारतीय. तिथे भारतीय माणूस पिढ्यान् पिढ्या दुकानदार, कंत्राटदार, मालक म्हणून माहीत आहे. युगांडातून १९७२ साली इदी अमीनने आशियाई लोकांना हाकलून दिलं तो इतिहासही त्याच ओळखीला चिकटलेला आहे. मालक मोठ्या आवाजात हुकूम सोडतो आणि नोकर मान डोलावतो, या नात्याची सवय दोन्ही बाजूंना आहे. म्हणून वर्गात सगळे ‘हो’ म्हणाले तर समजलं असं धरू नका. घरात कामाला येणाऱ्या बाईंशी तुम्ही कसं बोलता, त्यांना जेवायला कुठे बसवता, पगार ठरल्या तारखेला देता का, हे विद्यार्थ्यांना तुमच्या पहिल्या संदेशाच्या (प्रवचनाच्या) आधी कळलेलं असतं.

भाषेला पहिले सहा महिने पूर्ण द्या. त्या काळात वर्ग घेऊ नका, व्यासपीठावर चढू नका, उपासनेत मागच्या बाकावर बसा. आपल्याला स्वाहिलीची भीती वाटायचं कारण नाही. दुकान म्हणजे दुका, पैसा म्हणजे पेसा, हिशेब म्हणजे हेसाबू, वकील म्हणजे वाकिली, विमा म्हणजे बीमा, गाडी म्हणजे गारी, चहा म्हणजे चाय. अरबांची गलबतं आणि आपल्या किनाऱ्यावरचे व्यापारी यांनी हे शब्द इकडून तिकडे नेले-आणले आहेत. अडचण शब्दांची नाही, नामांच्या वर्गांची आहे. आपल्याकडे तीन लिंगं; तिथे माणसं, झाडं, वस्तू यांचे वेगवेगळे वर्ग, आणि त्याप्रमाणे विशेषण-क्रियापदाच्या सुरुवातीचं अक्षर बदलतं. ते कानाने शिकावं, तक्त्याने नाही. निघण्याआधी सराव हवा असेल तर पुण्यात पूर्व आफ्रिकेतले बरेच विद्यार्थी शिकतात. महिन्यातून दोन शनिवार त्यांच्यासोबत घालवता आले तर उत्तम. पाळकाला स्वाहिलीत ‘म्चुंगाजी’ म्हणतात, गुरं राखणारा. आपला ‘पाळक’ शब्दही त्याच कुरणातला.

घड्याळाचं मात्र नीट समजून घ्या. स्वाहिलीत दिवसाची मोजणी सूर्योदयापासून होते. ‘सा मोजा’, म्हणजे पहिला तास, हा आपल्या सकाळच्या सातचा. ‘सा ताटू’, तिसरा तास, म्हणजे नऊ. वर्ग नऊला ठेवून तुम्ही ‘सा टिसा’ म्हणालात, तर ते झाले दुपारचे तीन. पाहुणा शिक्षक सकाळी एकटा खडू घेऊन उभा आणि दुपारी तीनला सगळे वेळेवर हजर, हा घोळ पहिल्या आठवड्यात हमखास होतो. पण याच घड्याळाने एक गोष्ट सोपी केली आहे. बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायात मूळ ग्रीकमध्ये वधस्तंभाचा तिसरा, सहावा आणि नववा तास आहे. मुंबईत हे नऊ, बारा आणि तीन असं फोडून सांगावं लागतं. तिथल्या विद्यार्थ्याला काहीच फोडून सांगावं लागत नाही. तो रोज तोच तास मोजतो. अशा ठिकाणी शिक्षकाने गप्प बसून विद्यार्थ्याला सांगू द्यावं.

सहा महिन्यांनंतरही दुभाषी लागतोच. ४५ मिनिटांच्या तासात दुभाष्यासह तुमच्या वाट्याला २० ते २२ मिनिटं येतात, तेव्हा टिपण निम्मं करा. ते आदल्या दिवशी दुभाष्याला द्या आणि अवघड शब्दांवर अर्धा तास बसा. एका वाक्यात एकच गोष्ट सांगा. ‘नाचता येईना अंगण वाकडं’ सारखी म्हण वापरली की दुभाषी अंगणाचं वर्णन करत बसतो. शास्त्रवचन तोंडी भाषांतरित करू नका, स्वाहिली बायबलमधून विद्यार्थ्यालाच वाचायला सांगा. दुभाषी बहुधा स्वतः पाळक असतो, त्यामुळे तुमच्या दोन वाक्यांवर तो पाच मिनिटांचा स्वतःचा संदेश देतो. त्याला सगळ्यांसमोर टोकू नका. दर पंधरा मिनिटांनी एका विद्यार्थ्याला ‘आता काय ऐकलंत?’ एवढं विचारा. गळती कुठे आहे ते कळतं. याचा सराव मुंबईत करता येतो. धारावीतल्या एखाद्या तमिळ मंडळीत मराठीतून शिकवून दुभाष्यासोबत चार तास घ्या, तुमची निम्मी पल्लेदार वाक्यं तिथेच गळून पडतील.

वर्गाची रचना शेतीवर अवलंबून असते. बहुतेक गावपाळक शेती करतात, मोटारसायकलवर भाडी मारतात किंवा शिवणकाम करतात. मंडळीच्या दानावर पोट भरत नाही. मोठा पाऊस मार्च ते मे, छोटा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. पेरणीत वर्ग लावला तर एकतर विद्यार्थी येत नाही किंवा येतो आणि त्याची बायको एकटी शेतात राबते. म्हणून वर्षाला तीन सत्रं, जानेवारी-फेब्रुवारी, जूनअखेर आणि सप्टेंबरच्या आसपास, प्रत्येकी पाच दिवसांची. तीन वर्षांत नऊ सत्रं होतात. नेमके आठवडे मात्र त्या गावाच्या पिकाला विचारून ठरवा. एका गटात १५पेक्षा जास्त नकोत, आणि एका मंडळीतून शक्यतो दोघं घ्या, म्हणजे परत गेल्यावर अभ्यासाला आणि धीराला सोबत राहते. दोघांत एक बाई असेल तर फार चांगलं, कारण आजाऱ्याच्या घरी आणि बाळंतिणीकडे मंडळीचं काम प्रत्यक्षात तीच करत असते.

हुशार मुलाला उचलून शहरातल्या किंवा परदेशातल्या सेमिनरीत (पाळकांच्या महाविद्यालयात) तीन-चार वर्षं पाठवणं सोपं वाटतं. पण तो गावाकडे क्वचितच परततो. परतला तरी गावच्या दानात त्याचं घर चालत नाही. माणसाला त्याच्या कामावर ठेवूनच शिकवायचं, ही पद्धत १९६३च्या सुमाराला ग्वाटेमालातल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीने रूढ केली, तीही याच अडचणीतून. सेमिनरी हवीच, भाषांतरकार आणि शिक्षक तिथेच तयार होतात. गावोगावच्या पाळकांसाठी मात्र मी सत्रांचीच वाट धरेन. आता तर शिक्षण ऐच्छिक राहिलेलं नाही: रवांडात २०१८च्या कायद्याने मंडळीच्या प्रमुखांना धर्मशिक्षणाची पदवी बंधनकारक केली, आणि केनियात २०२३ साली शाकाहोलाच्या जंगलात एका स्वयंघोषित उपदेशकाच्या नादी लागून ४००हून अधिक माणसं मेली. शास्त्र वाचता न येणाऱ्या माणसाच्या हाती मंडळी दिली की काय होतं, हे तिथल्या लोकांना कुणी सांगायला नको.

संदेश शिकवताना एकच उतारा आठवडाभर पुरतो. मार्क २:१-१२ घ्या, पक्षाघाती माणसाला चौघं छपरातून खाली सोडतात तो. पहिल्या दिवशी फक्त मोठ्याने वाचन, तीन वेळा, तीन वेगळ्या आवाजांत. मग पुस्तकं मिटून एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी सुटलेलं भरायचं. मग प्रश्न: कोण कोण आहे, कोण काय म्हणतं, कुठे गोष्ट वळते? पहिल्याच दिवशी छपराचा मुद्दा निघतो. आपल्या डोळ्यांसमोर कौलं येतात, चार कौलं सरकवली की झालं. केनियातल्या विद्यार्थ्यासमोर येतात ‘माबाटी’, खिळ्यांनी ठोकलेले पत्रे, आणि त्याचा प्रश्न असतो की ज्याचं घर त्याला पत्रा कुणी भरून दिला? मूळ गोष्टीतलं छप्पर तुळया, फांद्या आणि मातीचं, म्हणून तिथे ‘उकरून’ असा शब्द आहे. एवढं कळलं की विद्यार्थ्याला स्वतःच उमगतं, की मजकूर आणि आपल्या मनातलं चित्र या वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या मते अख्ख्या अभ्यासक्रमातला सगळ्यांत मोलाचा अर्धा तास हाच.

दुसऱ्या दिवशी उताऱ्याचं सार एका वाक्यात, वीस शब्दांच्या आत. तिसऱ्या दिवशी त्या वाक्याला स्वतःच्या गावातलं एक उदाहरण. चौथ्या-पाचव्या दिवशी प्रत्येकाने उभं राहून दहा मिनिटं बोलायचं. पंधरा जणांचं हे आटपायला दोन दिवस लागतातच. ऐकणाऱ्यांनी आधी ते एक वाक्य परत सांगायचं. सांगता आलं नाही तर संदेश पोचला नाही, मग आवाज कितीही चढलेला असो. परीक्षण आधी विद्यार्थी करतील, तुम्ही शेवटी बोला. तुम्ही पहिल्यांदा बोललात की पुढे सगळे तुमच्यासारखे हातवारे करू लागतात.

नव्या पाळकाची खरी परीक्षा मात्र रविवारी होत नाही, मयतीला होते. मुंबईत शिवडीच्या दफनभूमीत वेळ ठरलेली, कर्मचारी तयार, विधी आटोपशीर. तिथे गावाकडे दफन बहुधा घराच्या अंगणात होतं, शेकडो माणसं, तासन्‌तास भाषणं, आणि जमिनीवरून किंवा विधवेच्या हक्कावरून त्याच दिवशी वाद पेटतात. म्हणून एक पूर्ण सत्र यावर द्या. विद्यार्थ्यांनाच नातेवाईक करा, एकाला पाळक. तो आधी घरी जाऊन विधवेशी बोलतो का? कोण किती वेळ बोलणार हे घरातल्या वडीलधाऱ्यासोबत आदल्या दिवशी लिहून काढतो का? भांडण सुरू झालं तर प्रार्थना पुकारून वेळ मारून नेतो, की दोन वडीलजनांना बाजूला घेतो?

लग्नाच्या बाबतीत आपण मुंबईकर एक ठरलेली चूक करतो. तिथे ‘माहारी’ असते, मेहेर शब्दाचीच बहीण. नवऱ्याकडचे मुलीच्या घरी गुरं किंवा पैसे देतात. आपण हुंड्याचा राग मनात घेऊन गेलेले असतो आणि पहिल्याच वर्गात तिच्यावर तुटून पडतो. दिशा उलटी आहे आणि त्यांच्यासाठी त्यात दोन घरांचं नातं बांधलं जातं. ती फार वाढवली की जोडपी लग्नच न करता राहतात, हा प्रश्न खरा आहे. तो त्यांच्या वडीलजनांनीच मांडावा. आपण ऐकावं.

पैशाबद्दल स्पष्ट लिहिते. तिथल्या पाळकाला मुंबईहून महिन्याचा पगार देऊ नका. एकदा सुरू झाला की मंडळी दान द्यायचं थांबते आणि पाळकाची निष्ठा मनिऑर्डरच्या दिशेला वळते. आपल्याकडेही मिशनच्या पगाराचा हा पेच होताच. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली, ती मंडळी परक्यांच्या आधारावर उभी राहू नये या तळमळीने. बाहेरचा पैसा एकदाच लागणाऱ्या गोष्टींना घाला: बायबल, वह्या, फळा. सत्राच्या जेवणाचा निम्मा खर्च पहिल्या वर्षी, पाव दुसऱ्या वर्षी, तिसऱ्या वर्षी काही नाही. हा खर्च भरमसाट नसतो. १५ माणसं, दोन वेळचं जेवण, पाच दिवस म्हणजे १५० ताटं. उगालीला (आपल्या उकडीसारखी, पण मक्याच्या पिठाची आणि घट्ट) ताटामागे २०० ग्रॅम पीठ, म्हणजे ३० किलो, दोन किलोची १५ पाकिटं. घेवडा ताटामागे ८० ग्रॅम धरला तर १२ किलो. वर रोजची ‘सुकुमा विकी’, तिथली हिरवी पालेभाजी, जिच्या नावाचा अर्थच ‘आठवडा ढकल’. पीठ आणि घेवडा विद्यार्थी घरून आणू शकतात. आणतात तेव्हा वर्ग त्यांचा होतो.

आपल्या बाजूचंही बघा. मंडळी धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला ट्रस्ट असेल तर ट्रस्टचा पैसा भारताबाहेर खर्च करायला आयकर खात्याची आधी मंजुरी लागते, नाहीतर तेवढ्या रकमेची करसवलत जाते. सनदी लेखापालाशी बोलल्याशिवाय ट्रस्टच्या खात्यातून एक रुपयाही पाठवू नका.

हिशेब शिकवणं हा प्रशिक्षणाचा भाग आहे, कारण पाळक संदेशापेक्षा पैशामुळे जास्त पडतात. दान दोघांनी मोजायचं, त्यात पाळक नको, मोजून तिथेच दोघांच्या सह्या, सोमवारी भरणा. केनियात निम्मं दान मोबाइलवर एम-पेसाने येऊ शकतं. तो क्रमांक मंडळीच्या नावाचा हवा, पाळकाच्या खिशातल्या फोनचा नको. सुरुवातीला सोयीचा म्हणून पाळकाचाच नंबर देतात आणि दोन वर्षांनी घरचा पैसा कोणता नि मंडळीचा कोणता, हे प्रामाणिक माणसालाही सांगता येत नाही. बाप्तिस्मा, लग्न, दफन आणि सभासद अशा चार वह्या पहिल्याच सत्रात बांधून द्या आणि दर सत्राला तपासा.

घरचं थोडक्यात. मुलांच्या शाळेचा निर्णय जाण्याआधी घ्या, तिथे जाऊन नको. पती-पत्नी दोघांनाही भाषेचे धडे, एकालाच नको. ज्याला भाषा येत नाही तो घरात कोंडला जातो आणि मग दोन वर्षांच्या आतच सामान बांधलं जातं. आठवड्यातला एक दिवस दार बंद ठेवा आणि शेजाऱ्यांना तो दिवस सांगून ठेवा. मंडळीला दर महिन्याला पत्र लिहा, त्यात न जमलेलंही लिहा.

चौथ्या सत्रापासून एक तास विद्यार्थ्याला द्या, सहाव्यापासून रोजचा निम्मा वर्ग. सातव्यात तीन स्थानिक शिक्षक निवडा, आणि ते मंडळ्यांनी निवडावेत, तुम्ही नाही. आठवं सत्र ते घेतील, तुम्ही मागे बसाल. नववं तुम्ही नसताना होऊ द्या. दीक्षाविधीत हात त्यांच्या वडीलजनांचे आणि बिशपांचे असू द्या. तुम्ही मंडळीसोबत बाकावर. येताना टिपणं स्वाहिलीत छापून ठेवा, वह्यांच्या कपाटाची किल्ली चिटणीसाकडे द्या. दहाव्या सत्राचं वेळापत्रक ते तुम्हाला फोनवर पाठवतील. त्यात पहिल्या तासापुढे ‘सा ताटू’ लिहिलेलं असेल.